गोळीबरोबर फार्मासिस्टही हवा

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर डंडी नावाचं शहर आहे. एकेकाळी बंगालमधून येणाऱ्या तागावर तिथल्या गिरण्या चालत. पुढे त्या बंद पडल्या. गिरण्या बंद पडल्यावर वस्त्यांचं काय होतं, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. या शहराला हेरॉइनच्या व्यसनानं घेरलं, आणि एकच सुई अनेकांनी वापरल्यामुळे हिपॅटायटीस ‘सी’चा विषाणूही पसरला.

व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्या अनेकांना तिथे मेथाडोन हे पर्यायी औषध दिलं जातं. ते मिळतं नेहमीच्या औषधाच्या दुकानात, आणि बऱ्याच जणांना ते फार्मासिस्टच्या समोरच प्यावं लागतं. त्यामुळे हा माणूस जवळजवळ रोज दुकानात येतो. फार्मासिस्ट त्याला नावानं ओळखतो. काल आला नव्हता, आज चेहरा उतरलेला आहे, हातावर नवी जखम आहे, हे सगळं त्याला दिसतं. याच माणसाला मोठ्या हॉस्पिटलच्या यकृत विभागात सहा आठवड्यांनंतरची तारीख दिली, तर तो बहुतेक वेळा जातच नाही. पत्र पोचत नाही, बसभाड्याला पैसे नसतात, प्रतीक्षागृहातल्या नजरा नकोशा वाटतात. मग कागदावर शेरा पडतो, ‘रुग्ण आला नाही’. दोनतीनदा असं झालं की त्याचं नाव यादीतून निघून जातं. विषाणू मात्र शरीरातच राहतो.

टेसाइड भागातल्या (डंडी त्याचंच मुख्य शहर) डॉक्टरांनी आणि औषधतज्ज्ञांनी या अडचणीकडे उलट बाजूनं पाहिलं. रुग्ण हॉस्पिटलात येत नाही, पण दुकानात रोज येतो. मग उपचारच दुकानात का नेऊ नये?

नव्या गोळ्या येण्याआधी हा प्रश्न विचारताच आला नसता. हिपॅटायटीस ‘सी’चा विषाणू १९८९मध्ये ओळखला गेला. त्या शोधाच्या कामाबद्दल हार्वे ऑल्टर, मायकल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२०चं नोबेल पारितोषिक मिळालं. हा विषाणू रक्तातून पसरतो. लागण झालेल्यांपैकी सुमारे ३० टक्के लोक उपचाराविना आपोआप बरे होतात. उरलेल्या ७० टक्क्यांत तो मुक्काम ठोकतो. वीस वर्षांच्या काळात त्यातल्या १५ ते ३० टक्के लोकांना लिव्हर सिऱ्हॉसिस होण्याचा धोका असतो, आणि काहींना पुढे यकृताचा कर्करोगही होतो. या सगळ्या काळात बहुतेकांना काहीच जाणवत नाही. कावीळ होत नाही, पोट दुखत नाही, फार तर थकवा येतो आणि तो वयाच्या खाती जमा होतो. या विषाणूवर अजून लस नाही.

पूर्वीचा उपचार म्हणजे इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि सोबत रिबाविरिनच्या गोळ्या. काहींना ते सगळं ४८ आठवडे चालायचं. ताप, केस गळणं, रक्त कमी होणं, मन इतकं खचणं की मनोविकारतज्ज्ञांची मदत लागावी, आणि एवढं सोसूनही निम्म्याच्या आसपास लोक बरे व्हायचे. असा उपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच होऊ शकत होता. डिसेंबर २०१३मध्ये अमेरिकेत सोफोसबुविर या गोळीला मान्यता मिळाली आणि चित्र पालटलं. थेट विषाणूवर घाव घालणाऱ्या या औषधांची जोडी रोज एकदा, बहुधा १२ आठवडे घ्यायची, आणि ९५ टक्क्यांच्या आसपास रुग्ण बरे. अमेरिकेत १२ आठवड्यांच्या सोफोसबुविरची छापील किंमत ८४ हजार डॉलर होती. २०१४पासून भारतीय कंपन्यांना ते बनवण्याचे परवाने मिळाले आणि किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागली. औषध सोपं झालं, स्वस्त झालं. त्यानंतर मुख्य अडचण उरली ती रुग्णापर्यंत पोचण्याची, आणि पोचल्यावर त्याला शेवटच्या गोळीपर्यंत धरून ठेवण्याची.

स्कॉटलंडमधल्या मंडळींनी आपला विचार नुसता मांडला नाही, तो नीट तपासून पाहिला. टेसाइड, ग्रॅम्पियन आणि ग्लासगो परिसरातली ५५ औषधदुकानं निवडली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी ती दोन गटांत वाटली. एका गटात नेहमीची पद्धत ठेवली: फार्मासिस्टनं रुग्णाला तपासणीबद्दल सांगायचं आणि पुढे उपचार केंद्राकडे पाठवायचं. दुसऱ्या गटातल्या फार्मासिस्टना प्रशिक्षण दिलं. बोटाला टोचून रक्ताचे थेंब खास कागदावर घेणं, नमुना प्रयोगशाळेला पाठवणं, निकाल समजावून सांगणं, उपचाराआधीच्या रक्ततपासण्या पाहणं, रुग्णाची इतर औषधं तपासणं आणि ठरवून दिलेल्या लेखी चौकटीत राहून हिपॅटायटीसच्या गोळ्या देणं. मेथाडोनचा डोस आणि ही गोळी, दोन्ही एकाच वेळी, एकाच काउंटरवर.

निकाल २०२०मध्ये ‘लॅन्सेट’च्या पोट व यकृतविकारांवरील नियतकालिकात प्रसिद्ध झाला. फार्मासिस्टकडे काम सोपवलेल्या दुकानांत मेथाडोनसारखं पर्यायी औषध घेणारे १,३६५ लोक होते. त्यातल्या २४५ जणांची तपासणी झाली, ११२ जणांचे उपचार सुरू झाले आणि ९८ जण बरे झाल्याचं सिद्ध झालं. नेहमीच्या पद्धतीच्या दुकानांत १,३५३ लोक होते. तिथे हेच आकडे १४५, ६१ आणि ४३ असे होते.

९८ आणि ४३. पहिल्या नजरेत दोन्ही आकडे छोटे वाटतात, कारण मागे १,३००च्या वर लोक आहेत. पण त्या सगळ्यांनाच काही हिपॅटायटीस ‘सी’ नव्हता; काहींना कधीच लागण झाली नव्हती, काही आधीच बरे झाले होते. मला यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. नेहमीच्या वाटेवर उपचार सुरू केलेल्या ६१ जणांपैकी ४३ जणच बरे झाल्याचं सिद्ध झालं, म्हणजे दहातले सात. फार्मासिस्टच्या वाटेवर ११२पैकी ९८, म्हणजे दहातले जवळजवळ नऊ. दोन्हीकडे औषधांची ताकद सारखीच होती. फरक पडला असावा तो गोळी कोण देतं, किती वेळा भेटतं आणि रुग्ण त्याला किती ओळखतो, यामुळे.

हे काम फार्मासिस्टनं एकट्यानं केलं असा मात्र अर्थ काढू नये. मागे यकृततज्ज्ञ होते, विशेष प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका होत्या, प्रयोगशाळा होती. ज्याचं यकृत फार खराब झालं आहे त्याच्यावर दुकानात उपचार करायचे नसतात, त्याला हॉस्पिटलातच पाठवायचं असतं. जोडीला सुया बदलून देणारी केंद्रं होती, तुरुंगातल्या तपासण्या होत्या. या सगळ्यांच्या मिळून झालेल्या कामामुळे टेसाइडनं जागतिक आरोग्य संघटनेचं हिपॅटायटीस ‘सी’ निर्मूलनाचं २०३०चं उद्दिष्ट सुमारे एक दशक आधीच गाठल्याचं जाहीर केलं.

आता फार्मासिस्टच्या खास कामाकडे वळू. त्याच्याइतकं ते दुसरं कुणी नीट करू शकत नाही, असं मला वाटतं.

हिपॅटायटीस ‘सी’चा रुग्ण अनेकदा चाळिशी-पन्नाशीच्या पुढचा असतो. त्याला रक्तदाब असतो, मधुमेह असतो, आणि गॅसची गोळी तर आपल्याकडे घरटी एक जण घेतोच. पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल, सकाळी उपाशीपोटी, वर्षानुवर्षं. डॉक्टरांनी ‘आणखी काही औषधं चालू आहेत का?’ असं विचारलं, तर रुग्ण बीपीची सांगतो, शुगरची सांगतो. गॅसची गोळी त्याला औषध वाटतच नाही. पण सोफोसबुविरबरोबर दिलं जाणारं वेल्पाटासविर पोटातल्या आम्लात विरघळतं. आम्ल कमी करणारी गोळी आधी गेली असेल, तर वेल्पाटासविर पुरेसं शोषलं जात नाही. रुग्ण रोज गोळी घेतो, पण ती रक्तात हवी तितकी पोचतच नाही. म्हणून ही दोन औषधं शक्यतो एकत्र द्यायची नसतात. फारच गरज असेल, तर वेळ आणि मात्रा काटेकोर ठरवून द्यावी लागते. साधी अँटासिडची बाटलीसुद्धा चार तासांच्या अंतरानं घ्यावी लागते. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सोफोसबुविर-वेल्पाटासविरची जोडी सिऱ्हॉसिस झालेल्यांना दिली जाते, आणि अॅसिडिटीच्या गोळ्या या रुग्णांच्या पिशवीत हमखास सापडतात.

क्षयरोगाचं औषध रिफाम्पिसिन हे त्याहून गंभीर. ते यकृतातल्या आणि आतड्यातल्या काही यंत्रणांना असं चेतवतं की सोफोसबुविर आणि त्याच्या जोडीची डॅक्लाटासविर, वेल्पाटासविर या सगळ्यांचं रक्तातलं प्रमाण घसरतं. भारतात टीबीचे रुग्ण जगात सर्वाधिक आहेत, त्यामुळे हा योग आपल्याकडे दुर्मीळ नाही. फिट्स येणाऱ्यांना दिली जाणारी फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन ही औषधंही हेच करतात. हृदयाचे ठोके सांभाळण्यासाठी अमियोडॅरोन घेणाऱ्या रुग्णाला सोफोसबुविर दिलं, तर ठोके धोकादायकरीत्या मंद होऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१५मध्येच त्याबद्दल इशारा दिला आहे. कोलेस्टेरॉलसाठीचं रोसुव्हास्टॅटिन वेल्पाटासविरबरोबर असेल, तर त्याची मात्रा मर्यादेत ठेवावी लागते.

काही बदल उलट दिशेनं होतात. विषाणू हटू लागला आणि यकृत सुधारू लागलं की काहींची साखर आपोआप उतरते. मग मधुमेहाच्या जुन्याच मात्रेनं साखर फार खाली जाऊन चक्कर येऊ शकते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनची मात्राही पुन्हा तपासावी लागते. हिपॅटायटीस ‘बी’ची लागण आधी असेल, तर ‘सी’ गेल्यावर ‘बी’ उसळू शकतो, म्हणून उपचाराआधी त्याची तपासणी झाली आहे ना, हे पाहायचं असतं. रिबाविरिन देणार असाल, तर पती-पत्नी दोघांनाही गर्भनिरोधाबद्दल स्पष्ट सांगावं लागतं, कारण त्या औषधानं गर्भात व्यंग येऊ शकतं. आणि आपल्याकडची एक खास बाब: यकृताचं दुखणं म्हटलं की कुणीतरी ‘काविळीचं झाडपाल्याचं औषध’ आणून देतंच. त्यात काय आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. न रागावता, रुग्णाला न लाजवता, ‘आणखी काही घेता का?’ असं दोनदा विचारणारं माणूस टीममध्ये लागतं.

यकृततज्ज्ञ हे सगळं जाणतात. पण ओपीडीत एका रुग्णाला मिळणारी मिनिटं मोजकी, आणि तीन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या एकाच वेळी समोर येतात त्या फक्त औषध देणाऱ्याच्या. म्हणूनच टीममध्ये फार्मासिस्टला मानाची जागा हवी. कोणती औषधं एकत्र चालतात हे पाहण्यासाठी लिव्हरपूल विद्यापीठाचं मोफत ऑनलाइन साधन आहे, साध्या मोबाइलवरही ते उघडतं.

मग येतात ८४ दिवस. साधारणपणे २८ गोळ्यांच्या तीन बाटल्या. पहिली बाटली नेताना रुग्ण उत्साहात असतो. दुसरीच्या वेळी त्याला काहीच त्रास नसतो, त्यामुळे ‘आता कशाला’ असं वाटू लागतं. याच टप्प्यावर उरलेल्या गोळ्या मोजून पाहणारा, दोन दिवस उशीर झाला तर फोन करणारा माणूस लागतो. एखादी गोळी चुकली आणि त्याच दिवशी आठवलं, तर लगेच घ्यायची. दुसऱ्या दिवशी दोन एकदम घ्यायच्या नाहीत. गोळ्या संपल्यानंतर १२ आठवड्यांनी रक्तात विषाणू शोधण्याची चाचणी करायची. त्यात तो सापडला नाही, तरच रुग्ण बरा झाला असं म्हणतात.

इथे एक मोठा गोंधळ होतो, तो दूर करणं हेही फार्मासिस्टचंच काम. साध्या रक्तचाचणीत दिसते ती प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी. ती बरं झाल्यावरही बहुधा आयुष्यभर राहतात. कुणी रक्तदान शिबिरात रक्त दिलं, रक्तपेढीतून ‘एचसीव्ही (म्हणजे हिपॅटायटीस सी) पॉझिटिव्ह’ असा निरोप आला, आणि घरात ताटंवाट्या वेगळ्या झाल्या, असं घडतं. अँटिबॉडी सापडली म्हणजे विषाणू आहेच असं नाही. त्यासाठी आरएनए चाचणी, म्हणजे व्हायरल लोड पाहावा लागतो. आणि ताटवाटीतून, शेजारी बसल्यानं, मिठी मारल्यानं हा आजार पसरत नाही. जपायचं ते रक्ताला: दाढीचं पातं, टूथब्रश, नखं कापायचं यंत्र ज्याचं त्याचं वेगळं असावं. बरं झाल्यावर पुन्हा लागण होऊ शकते, हेही सांगायला हवं.

स्कॉटलंडचा अनुभव एकटा नाही. अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांच्या सरकारी आरोग्यसेवेनं एक लाखाहून अधिक माजी सैनिकांना या आजारातून बरं केलं. तिथे विशेष प्रशिक्षित फार्मासिस्ट ठरलेल्या अधिकारात औषधं लिहून देतात आणि रुग्णाचा पाठपुरावा करतात. न्यू मेक्सिको राज्यात भारतीय वंशाचे यकृततज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा यांनी २००३मध्ये खेड्यापाड्यांतल्या डॉक्टरांना व्हिडिओवरून मार्गदर्शन द्यायला सुरुवात केली. त्या चर्चेत यकृत, मनोविकार आणि औषधशास्त्र यांचे जाणकार एकत्र बसत. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गावच्या दवाखान्यातले निकाल विद्यापीठाच्या रुग्णालयाइतकेच चांगले निघाले.

भारतात पहिलं मोठं पाऊल पंजाबनं उचललं. २०१६मध्ये तिथल्या सरकारनं जिल्हा रुग्णालयांतून मोफत उपचार सुरू केले आणि चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेनं जिल्ह्याच्या डॉक्टरांना तयार केलं. ४८ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती पुढे प्रसिद्ध झाली. शेवटच्या तपासणीला आलेल्यांपैकी सुमारे ९२ टक्के बरे झाले होते. पण बरेच जण त्या तपासणीला परतलेच नाहीत. औषध मिळालं, बरं वाटलं, संपलं. त्यांना परत बोलावण्यासाठी औषधाच्या खिडकीइतकी सोयीची दुसरी जागा नव्हती.

२८ जुलै २०१८ला राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. जिल्हा रुग्णालयं आणि वैद्यकीय महाविद्यालयांतल्या केंद्रांवर तपासणी आणि औषधं मोफत आहेत, महाराष्ट्रातही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२मध्ये भारतात सुमारे ५५ लाख लोकांना हिपॅटायटीस ‘सी’ होता. इतक्यांना पुरतील एवढे यकृततज्ज्ञ आपल्याकडे नाहीत, आणि जे आहेत ते बहुतेक मोठ्या शहरांत. फार्मासिस्ट मात्र तालुक्याच्या गावीही आहे.

आपल्या कायद्यानुसार फार्मासिस्ट स्वतः ही औषधं लिहून देऊ शकत नाही, आणि स्कॉटलंडची नक्कल इथे जशीच्या तशी करावी असं मी म्हणत नाही. चिठ्ठीशिवाय या गोळ्या विकणं धोक्याचंच ठरेल. पण २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाला औषधाबद्दल समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम मानलं आहे. एचआयव्हीच्या औषधोपचार (एआरटी) केंद्रांवर फार्मासिस्ट उरलेल्या गोळ्या मोजतात, रुग्णाशी बोलतात. ती पद्धत आपल्या सरकारी व्यवस्थेत रुळलेली आहे. टीबीच्या डॉट्समुळे समोर गोळी घेणं म्हणजे काय, हे खेड्यातल्या आजीलाही माहीत आहे. नशेच्या इंजेक्शनातून बाहेर पडणाऱ्यांसाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या (नॅको) केंद्रांवर ब्युप्रेनॉर्फिन हे पर्यायी औषध समोर दिलं जातं. हिपॅटायटीसची गोळी तिथेच, त्याच वेळी का देऊ नये? धागे सगळे आहेत, ते एकत्र विणायला हवेत.

सध्या जिल्हा रुग्णालयातला फार्मासिस्ट जाळीच्या खिडकीमागे असतो आणि समोर लांबच लांब रांग असते. त्या खिडकीतून फक्त ‘सकाळी एक, रात्री एक’ एवढंच बोललं जाऊ शकतं. हिपॅटायटीसच्या नव्या रुग्णासाठी त्याला एक खुर्ची, बंद दार आणि दहा मिनिटं मिळाली, आणि शंका आली तर डॉक्टरांना थेट फोन करायची मुभा मिळाली, तर खूप झालं; त्यासाठी नवी इमारत लागत नाही. खासगी दुकानांत नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर असायलाच हवा हा नियम आहे. भिंतीवर त्याचं प्रमाणपत्र आणि काउंटरवर दुसराच कुणी, ही स्थिती जिथे असेल, तिथे रुग्णाचं नुकसान होतं. औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी याबाबत स्वतःहून कडक व्हावं.

वाचकांना एवढंच सांगायचं आहे. फार पूर्वी तुम्हाला रक्त चढवलं असेल, डायलिसिस चालू असेल, घरात थॅलेसेमियाचं मूल असेल, कधी गावच्या दवाखान्यात उकळून पुन्हा वापरलेल्या सुईनं इंजेक्शन घेतलं असेल, किंवा जत्रेत गोंदवून घेतलं असेल, तर सरकारी रुग्णालयात जाऊन हिपॅटायटीस ‘सी’ची तपासणी करून घ्या. उपचार सुरू झाला, तर घरातल्या सगळ्या गोळ्या, बाटल्या आणि पुड्या एका पिशवीत घालून फार्मासिस्टकडे न्या, आणि प्रत्येकीबद्दल विचारा. गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी करायची चाचणी चुकवू नका. तीही मोफत आहे.